'ढ'ची भेंडी

जिंकण्याविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. हरण्याविषयीं बोलावयाचें झालें म्हणजे मनुष्य बहुधा कारणें सांगूं लागतो: फांसे उलटे पडले, पानें वाईट आलीं, पंचानें पक्षपात केला. ज्या खेळांत ह्यांपैकीं एकहि कारण पुढें करण्याची सोय नाहीं, अशा एका खेळांतील पराजयाविषयीं आज चार शब्द सांगावे, असा माझा विचार आहे. तो खेळ म्हणजे आपल्या घरोघरचा जुना, बिनखर्चाचा खेळ, भेंड्या.

ज्या घरांतून हा खेळ मागें पडला आहे, तेथील मुलांसाठीं नियम थोडक्यांत सांगतों. दोन पक्ष समोरासमोर बसतात. एकानें पद्य म्हणावयाचें. तें ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षरानें आरंभ होणारें पद्य दुसऱ्यानें म्हणावयाचें. काना, मात्रा, वेलांटी धरावयाची नाहीं. व्यंजन तेवढें पाहावयाचें. एकदां म्हटलेलें पद्य पुन्हां चालत नाहीं. ठरलेल्या अवधींत ज्याला पद्य सुचलें नाहीं, त्याच्यावर भेंडी चढली. संस्कृताचे अभ्यासक ह्यालाच अंत्याक्षरी म्हणतात आणि उर्दू बोलणारे बैतबाजी म्हणतात. नागपुरांत गांधीबागेपासून मोमिनपुरा दूर नाहीं. इकडे अभंग आणि तिकडे शेर, पण डाव एकच.

वरवर पाहतां असें वाटतें कीं, ज्याला अधिक पद्यें पाठ, तो जिंकणार. चार डाव खेळल्यावर हा समज टिकत नाहीं. अक्षरें सारखीं श्रीमंत नसतात. 'म' हें मोठें उदार अक्षर आहे. समर्थांचे मनाचे श्लोक २०५. त्यांतील कितीतरी श्लोक मनालाच हांक मारून सुरू होतात. तेव्हां ज्याला ते पाठ आहेत, त्याला 'म' देणें म्हणजे सावकाराला उसने पैसे देण्यासारखें आहे. उलट 'ट', 'ठ', 'ड', 'ढ' हीं अक्षरें कृपण आहेत. 'ण' आणि 'ळ' ह्यांची तर गोष्टच निराळी. मराठींत ह्यांवर संपणारे शब्द पावलोपावलीं भेटतात, पण 'ळ'नें आरंभ होणारा शब्द नाहीं, आणि 'ण'ची स्थिति जवळजवळ तशीच. म्हणून 'ण'ला 'न' आणि 'ळ'ला 'ल' घ्यावा, अशी तडजोड खेळणाऱ्यांनीं आपसांत करून ठेविली आहे. उर्दूंतहि 'ड़' ह्या वर्णानें शब्द सुरू होत नाहीं. प्रत्येक भाषेच्या घराला असें एखादें दार असतें, कीं ज्यांतून बाहेर पडतां येतें, पण आंत येतां येत नाहीं.

म्हणून मुरलेला खेळाडू पद्याच्या आरंभाकडे न पाहतां शेवटाकडे पाहतो. आरंभ त्याला प्रतिपक्षानें नेमून दिलेला असतो. शेवट मात्र त्याच्या स्वाधीन असतो. बारामतीच्या मोरोपंतांनीं, म्हणजे १७२९ ते १७९४ ह्या काळांतील आपल्या आर्यापतींनीं, दामयमकाचा पुष्कळ उपयोग केला आहे. एका चरणाच्या शेवटचीं अक्षरें पुढील चरणाच्या आरंभीं पुन्हां आणावयाचीं, असा हा अलंकार आहे. पंत जणूं एकटेच स्वतःशीं भेंड्या खेळत होते. आपल्यापैकीं बहुतेकांना मात्र समोर दुसरें कोणी लागतें, आणि तें आपल्यापेक्षां वरचढ असलें म्हणजे खेळाची खरी गोडी कळते.

तशी ती मला १९७८ सालच्या कोजागिरीच्या रात्रीं कळली. त्या वेळीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पण पाठांतराचा नाद मोठा. वामन पंडित, मोरोपंत, रघुनाथ पंडित ह्यांचे वेंचे जिभेवर. गांधीबागेंत आम्ही राहत असूं त्या वाड्याच्या गच्चीवर चंद्राचें बिंब दिसावें म्हणून दुधाचें पातेलें उघडें ठेविलें होतें आणि वाड्यांतील सर्व मंडळी जमली होती. खालीं कापडाच्या बाजारांतील दुकानें बंद होऊन रस्ता शांत झाला होता. भेंड्यांचा प्रस्ताव निघाला. लहानसहान खेळाडू एकेक करून गळाले आणि शेवटीं दोघेंच उरलों: मी, आणि वाड्यांतील सर्वजण ज्यांना माई म्हणत, त्या सत्तरी ओलांडलेल्या वृद्ध बाई. त्यांचें शिक्षण चवथीपर्यंत. माहेर भंडाऱ्याकडील एका खेड्यांतलें. तीन भेंड्या ज्याच्यावर चढतील तो हरला, आणि शंभर अंक मोजून होईतों विचार करण्यास अवधि, असें ठरलें. अंक मोजण्याचें काम अर्थातच मुलांनीं आनंदानें पतकरलें.

पहिल्या अर्ध्या तासांत माझ्या ध्यानांत आलें कीं, माई शब्द शोधीत नाहींत, निवडतात. मी एखादा डौलदार श्लोक म्हणावा, मंडळींनीं मान डोलवावी, आणि माईंनीं दोन ओळींची साधी ओवी म्हणून माझ्यापुढें 'ट' ठेवावा. पुन्हां श्लोक, पुन्हां 'ट'. माझ्या गांठीचे 'ट' संपले आणि पहिली भेंडी माझ्यावर चढली. मग मीं आपलें शस्त्र काढलें. पंडिती काव्यांत 'दोष', 'रोष', 'हर्ष' ह्या शब्दांवर थांबणारे चरण पुष्कळ. 'ष'नें आरंभ होणारीं पद्यें मात्र बोटांवर मोजण्याइतकीं. 'ष'ला 'श' चालणार नाहीं, असें आरंभींच ठरलें होतें. दोन वेळां मीं त्यांना 'ष' दिला आणि दोन्ही वेळां भेंडी त्यांच्यावर चढली. दुसऱ्या वेळीं त्या मनमोकळ्या हंसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हें अक्षर तुमच्या शाळेंतलें. आमच्या घरांत तें कधीं आलेंच नाहीं." त्यानंतर त्यांनीं मला 'ठ'वर धरलें. दोन विरुद्ध दोन झालें. दूध पिऊन झालें होतें, तरी कोणी उठेना.

शेवटचा डाव पाऊण तास चालला. आतां त्या माझा 'ष' येऊंच देईनात. ज्या अक्षरांनीं माझे 'ष'वर थांबणारे चरण सुरू होत, तीं अक्षरें त्यांनीं मला देणें बंद केलें. समोरचा मनुष्य आपल्या पाठांतराची यादी आपल्यापेक्षां चांगली ओळखतो, असें जाणवण्यासारखी दुसरी अस्वस्थता नाहीं. 'ठ' दोनदां आला, मीं निभावून नेला. 'ड' आला, तोहि कसाबसा दिला. मग माईंनीं क्षणभर डोळे मिटले आणि एका अभंगाचे दोन चरण म्हटले; शेवटचा शब्द होता 'मूढ'. "घ्या मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमच्या वाट्याला 'ढ' आला."

मुलें मोजूं लागलीं. मी वामन पंडितांकडे गेलों, मोरोपंतांकडे गेलों, तुकोबांच्या गाथेचीं पानें मनांतल्या मनांत उलटलीं. साठ झाले, ऐंशी झाले. शंभराचा आंकडा मुलांनीं एवढ्या मोठ्यानें उच्चारला, कीं शेजारच्या गच्चीवरचे लोकहि वळून पाहूं लागले. शिक्षकावर 'ढ'ची भेंडी चढली, ह्यापरतें सुख विद्यार्थ्यांना कोणतें! मंद मुलाला आपण 'ढ' म्हणतों, त्याची एक उपपत्ति अशी सांगतात कीं, अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सर्व अक्षरांनीं रूपें बदललीं, हें एक अक्षर मात्र जवळजवळ होतें तसेंच राहिलें. इतक्या शतकांत जें कांहींच शिकलें नाहीं, तें 'ढ'. त्या रात्रीं ही उपपत्ति मला विशेष पटली.

हंसें ओसरल्यावर मीं माईंना विचारलें, "हाच 'ढ' तुमच्यावर आला असता, तर तुम्हीं काय म्हटलें असतें?" त्यांनीं तात्काळ तीन ओव्या म्हटल्या. पहिली ढवळ्या बैलाच्या कौतुकाची, दुसरी त्याच ढवळ्याला विकावें लागलें त्या दिवसाची, तिसरी आषाढांत ढग दाटून आले असतां भावाची वाट पाहणाऱ्या सासुरवाशिणीची. ह्या तिन्ही ओव्या मीं कोणत्याहि पुस्तकांत वाचल्या नव्हत्या. त्या जात्यावरच्या होत्या. पहांटे दळतांना माईंच्या आईनें त्या म्हटल्या, माईंनीं ऐकल्या, आणि जातें गेल्यानंतरहि त्या मनांत जपून ठेविल्या. माझें भांडार छापलेलें होतें. त्यांचें दळलेलें होतें. माझ्या भांडारांत 'ष' होता, कारण पंडितांना तो लागतो. त्यांच्या भांडारांत 'ढ' होता, कारण शेतकऱ्याच्या घरीं ढवळ्या असतो.

श्रोतेहो, भेंड्यांतील पराजयाचें हें वैशिष्ट्य आहे. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला आपण कमी पडलों एवढेंच कळतें. भेंड्यांत हरणाऱ्याला आपलें घर नेमकें कोणत्या कोपऱ्यांत रिकामें आहे, तें एका अक्षरांत कळतें. आणि तो कोपरा भरण्याचा उपायहि त्याच क्षणीं समोर बसलेला असतो. फक्त विचारावें लागतें.

न विचारण्याची रीतहि जुनीच आहे. महाभारताच्या वनपर्वांत जनकाच्या यज्ञांतील बंदी नांवाच्या वादपटूची कथा आहे. वादांत हरणाऱ्याला पाण्यांत बुडवावयाचें, असा त्याचा नियम. अष्टावक्राचा पिता कहोड असाच बुडविला गेला. पुढें हा पुत्र, अवघा बारा वर्षांचा, बंदीपुढें उभा राहिला आणि दोघांमध्यें आंकड्यांचा सामना झाला. बंदीनें एक ह्या संख्येच्या वस्तु सांगितल्या, अष्टावक्रानें दोनच्या. बंदीनें तीनच्या, अष्टावक्रानें चारच्या. असें करीत दोघे तेरापर्यंत आले. तेराचा अर्धा श्लोक म्हणून बंदी थांबला. उरलेला अर्धा अष्टावक्रानें पुरा केला आणि सभेंत एकच गजर झाला. मला त्या कथेंत बंदीचें पुढचें वागणें मोलाचें वाटतें. त्यानें कारणें सांगितलीं नाहींत. आपण वरुणाचे पुत्र असून बुडविलेले ब्राह्मण वरुणाच्या यज्ञासाठीं पाठविले होते, तें रहस्य त्यानें उघड केलें, अष्टावक्राचा गौरव केला, आणि ते सर्व ब्राह्मण परत आले. ज्या श्लोकाचा अर्धा भाग आपल्याजवळ नाहीं, तो दुसऱ्याजवळ असूं शकतो, हें त्यानें भर सभेंत मान्य केलें.

आजच्या जगांतहि शब्दांचे सामने मोठ्या ईर्षेनें होतात. स्क्रॅबल ह्या सोंगट्यांच्या खेळांत न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स ह्यांनीं २०१५ सालीं फ्रेंच भाषेची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांना फ्रेंच बोलतां येत नव्हतें! केवळ शब्दांची यादी त्यांनीं मुखोद्गत केली होती. २०२४ सालीं स्पॅनिश भाषेंतहि त्यांनीं तसेंच यश मिळविलें. अशा स्मरणशक्तीपुढें हात जोडावे. तथापि त्या खेळांतील शब्द अर्थावांचून चालतो. त्याच्याकडून हरणारा गुणांची बेरीज घेऊन घरीं जातो. माईंकडून हरलेला मी ढवळ्याला घेऊन घरीं गेलों.

पुढील दोन वर्षें दर रविवारीं मी त्यांच्याकडे वही घेऊन बसत असें. दोन वह्या भरल्या. तिसरीचीं चार पानें झालीं होतीं, तेव्हां त्या गेल्या. त्या चार पानांनंतरचीं कोरीं पानें पाहिलीं कीं मला वाटतें, ह्या गांवांत, ह्याच बाजाराच्या गल्ल्यांत, किती भांडारें कोणी न विचारल्यामुळें बंद झालीं असतील! पुण्याचे गी पॉइटव्हें आणि हेमा राईरकर ह्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, हें मोठेंच काम झालें. परंतु प्रत्येक घराच्या दारीं संशोधक येणार नाहीं. घरांतल्या माणसालाच विचारावें लागेल.

१९९३ पासून दूरचित्रवाणीवर अंत्याक्षरी आली आणि चित्रपटांतील गाणीं ह्या खेळांत स्थिरावलीं. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. गाणें कोठलेंहि असो, शेवटचें अक्षर तेंच असतें. माझी विनंती एवढीच कीं, येत्या कोजागिरीला ओवी, अभंग, श्लोक आणि गाणें ह्या सर्वांना एका सतरंजीवर बसूं द्या, आणि घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीला प्रतिपक्षांत घ्या. बहुधा आपण हराल. हरल्यावर अवधि कमी होता असें म्हणूं नका, नियमांचा वाद काढूं नका. ज्या अक्षरावर भेंडी चढली, त्या अक्षराचें एक पद्य विजेत्याकडून मागून घ्या आणि तें पाठ झाल्यावांचून झोपूं नका.