पूरा नाम? दिल्लीत खोली शोधताना



जुलैत तुमच्यातले काहीजण दिल्लीला निघणार आहात. हॉस्टेल लगेच मिळेलच असं नाही. मधले महिने मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय, नाहीतर उत्तरेकडे मुखर्जी नगरात काढावे लागतात. म्हणून आज खोलीबद्दल बोलतो.

मी एम.ए.ला गेलो तेव्हा प्रॉपर्टी डीलरचा पहिला प्रश्न होता, "इनकम क्या है?" दुसरा, "गारंटर कौन है?" माझे वडील शेतमजूर. पगाराची स्लिप आमच्या घरात कुणी पाहिली नव्हती. हे प्रश्न ऐकायला जातीचे वाटत नाहीत. पण ज्याचा काका दिल्लीत सरकारी अधिकारी आहे, त्याला कमाई नसली तरी खोली मिळते. विद्यार्थी तोही, बिनकमाईचा तोही. आपल्याकडे नुसते पैसे नसतात असं नाही, आपल्यासाठी शब्द टाकणारा माणूस त्या गल्लीत नसतो. तो कुठून येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरा प्रश्न, "पूरा नाम?" आपली आडनावं तिकडे ओळखू येत नाहीत. मग, "महाराष्ट्र में क्या होते हो?" मग, "नॉन-व्हेज तो नहीं बनाओगे?" मुलींच्या वाट्याला याहून जास्त प्रश्न येतात.

मी म्हणालो, "मराठी." घरमालकिणीने ते मराठा असं घेतलं आणि मी घेऊ दिलं. नऊ महिने राहिलो. गच्चीवरची खोली, चांगली हवा यायची. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांखाली. १४ एप्रिलला दार लावून बाहेर काढला, संध्याकाळी परत ठेवला. जिन्यात पाऊल वाजलं की आधी पेटीकडे बघायचो.

१९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेलेले बाबासाहेब पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली, संध्याकाळच्या आत निघा म्हणाली. दोन मित्रांना विचारलं, जमलं नाही. कोलंबियात शिकून आलेला माणूस मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. हे मी शाळेतच वाचलं होतं. कळलं त्या गच्चीवर.

हे आपल्या मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं, तर आपल्या अमरावती जिल्ह्यातले प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास दाखवा. २०१२ मध्ये दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, फरिदाबाद इथे त्यांनी भाड्याच्या घरांसाठी फोन केले, समक्षही माणसं पाठवली. फोनवर सवर्णांपैकी एकालाही सरळ नकार मिळाला नाही. दलितांना १८ टक्के वेळा मिळाला, मुसलमानांना ३१ टक्के. काही दलितांना होकार मिळाला तो अटी घालून.

कामाचं थोडं. करार अकरा महिन्यांचाच करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा झाला की नोंदणी लागते. तरी सही केलेला कागद मागा, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरून घ्या. जेआरएफ असेल आणि हॉस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता असतो, तो सोडू नका. फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते, घरमालकाची तारीख अडकत नाही. तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. घरून मागणं किती जड जातं, ठाऊक आहे.

त्या खोलीतून मी स्वतःच निघालो. आमच्या एका सीनियरने नोकरी लागल्यावर मुनिरकात स्वतःच्या नावाने खोली घेतली होती, नाव-गाव सगळं सांगून. शोधायला त्याला दोन महिने लागले. तो पुढे बदलून गेला, खोली आपल्या पोरांकडे राहिली. गारंटर अजून तोच आहे. फोटो भिंतीवर आहे.

जुलैत तिथे एक जागा रिकामी होतेय. एका खोलीत दोघं, पाणी सकाळी सहालाच येतं. डिपॉझिट आधीच्या मुलाने भरलंय, ते त्याला हप्त्याहप्त्याने द्यायचं. ज्याला हवी असेल त्याने चहाच्या वेळी मला भेटा.