मातृत्व आणि मूत्रपिंडाचे आरोग्य
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभेत केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. कापडाचा व्यापारी आहे. परंतु व्यापाराने एक गोष्ट शिकविली, ती अशी की दुकानात गर्दी दिसते म्हणून पेढी नफ्यात आहे असे समजू नये. खतावणी उघडून पाहावी. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. त्याची बरीचशी शक्ती क्षीण होईपर्यंत ते तक्रार करीत नाही. चेहऱ्याने टवटवीत दिसणारी सूनसुद्धा हा विकार नकळत वागवीत असू शकते आणि कित्येकदा तो गर्भारपणातील तपासणीतच प्रथम उघडकीस येतो.

दिवस राहिले की मूत्रपिंडांचे काम सुमारे दीडपट वाढते. त्यामुळे निरोगी गर्भवतीच्या रक्तातील क्रिएटिनिन कमी होऊन साधारणतः ०.४ ते ०.८ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहते. एरवी ज्या १ या आकड्याकडे कोणी लक्षही देणार नाही, तोच गर्भवतीच्या अहवालात आढळल्यास डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आजार आधीपासून असेल तर रक्तदाब वाढणे, वीस आठवड्यांनंतर ‘प्रीएक्लॅम्पसिया’ उद्भवणे, बाळाची वाढ खुंटणे आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणे, हे धोके वाढतात. मूत्रपिंड जितके दुर्बल, तितका धोका अधिक. प्रसूतीनंतर आईचे मूत्रपिंड पूर्वीपेक्षा अधिक बिघडण्याचीही शक्यता असते.

तथापि, अशा भगिनींना मातृत्वाचे दार बंदच आहे, असे मुळीच नाही. अमेरिकेत १९५६ साली जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसविलेल्या एडिथ हेल्म यांनी १९५८ साली बाळाला जन्म दिला. आजही प्रत्यारोपणानंतर निदान वर्षभर थांबून, प्रकृती स्थिर असल्यास आणि औषधांत योग्य तो बदल करून डॉक्टर अनुमती देतात. सारा भर पूर्वनियोजनावर आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भास अपायकारक असतात. त्या वेळेवर बदलाव्या लागतात. उलट, धोका असलेल्या स्त्रीस डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी सुरू अथवा बंद करू नये. अंगदुखीच्या गोळ्या तर दुकानातून आणून घेऊच नयेत.

आता घरातील वडीलधाऱ्यांना नम्र विनंती. सोयरीक जुळविताना मुलीचा आजार लपविला जातो आणि लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलावा, असा आग्रह धरला जातो. या दोहोंमध्ये त्या मुलीचा जीव टांगणीला लागतो. आजार लपविल्यास औषध चुकते आणि घाई केल्यास तपासणी राहून जाते. दुसरे असे की, तप हा ज्याच्या त्याच्या आत्म्याचा विषय आहे. पर्युषणात किंवा दशलक्षणात मूत्रपिंडाचा आजार असलेल्या गर्भवतीस निर्जल उपवास घडला, तर शरीरातील पाणी घटून त्या मूत्रपिंडावर ताण येतो. जेथे जीवदया हा आपला पाया आहे, तेथे त्या घरात दोन जीव आहेत, याचा विसर पडू नये.

आपल्याकडे सोयी नाहीत असे नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. रक्तदाब मोजणे आणि लघवीतील प्रथिने पाहणे, या दोन साध्या तपासण्यांतून पुष्कळ काही कळते. अधिक गुंतागुंत असल्यास पुण्यातील तज्ज्ञांकडे जावे लागते; इंदापूरच्या खेड्यातील भगिनीला तो दिवसभराचा प्रवास आणि खर्च पडतो. म्हणून माझी सूचना अशी की, ट्रस्टने या वर्षी ९ तारखेला गर्भवतींना नेण्या-आणण्यासाठी वाहनाची व्यवस्था करावी. ती सर्व जातिधर्मांच्या भगिनींसाठी खुली असावी.

पाय, चेहरा सुजणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, लघवी कमी होणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मुहूर्ताची वाट पाहू नये. पन्नास वर्षांत आपण धर्मशाळा व पाठशाळा उभारल्या. आता एका आईचा आणि तिच्या बाळाचा जीव वाचविण्याचे पुण्यही आपल्या खात्यावर जमा व्हावे, एवढीच प्रार्थना करतो.

जय जिनेंद्र.