पास्कल ऐकू नका, धूळ तोला



केर काढणारा रोबो घ्यायला दुकानात गेलात, की विक्रेता आधी पास्कल, म्हणजे हवा ओढण्याच्या जोराचा आकडा, सांगतो. कुठे पाच हजार, कुठे दहा हजार. आकडा मोठा म्हणजे यंत्र भारी, असं आपल्यालाही वाटतं. पण ही ओढ बहुधा हवेची वाट बंद करून मोजलेली असते. सरबताच्या नळीचं खालचं टोक बोटानं दाबून ओढून बघा: ओढ जबरदस्त, पण सरबत थेंबभरही येणार नाही. धूळ उचलते ती वाहती हवा आणि खालचा फिरता ब्रश. नुसत्या पास्कलवर यंत्र निवडणं मला तरी भाबडेपणाचं वाटतं.

ही यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत भर असतो तो तराजूवर. ठरलेल्या वजनाची धूळ पसरायची, यंत्र फिरवायचं आणि किती उचलली ते तोलायचं. ही धूळसुद्धा घरचा केर नव्हे. व्हॅक्यूम क्लीनरच्या एका अमेरिकी मानकात 90 टक्के वाळू आणि 10 टक्के टाल्कम असं मिश्रण घेऊन ते गालिच्यात दाबून बसवतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत लाकडी पाटावर मुद्दाम कोरलेल्या फटीतली धूळही काढायला लावतात. सपाट फरशीवरचा केर बहुतेक यंत्रं उचलतात, फटीत मात्र त्यांचा कस लागतो.

रोबोची आणखी एक परीक्षा असते. साधं यंत्र माणूस फिरवतो, याला आपली वाट आपणच शोधावी लागते. खोलीत टेबल-खुर्च्या मांडतात, छताला कॅमेरा लावतात आणि रोबो कुठे गेला, कुठे फिरकलाच नाही, याचा नकाशा काढतात. 2002 साली आलेला पहिला रूम्बा रोबो बराचसा अंदाजानंच फिरायचा, आपटला की दिशा बदलायचा. अशा यंत्राला आज पलंगाखालची जागा सापडेल, उद्या कदाचित नाही. म्हणून एका फेरीवर निकाल देत नाहीत, अनेक फेऱ्यांची सरासरी काढतात. लेझरनं खोली मोजत फिरणारी यंत्रं यात बरीच भरवशाची.

आता आपल्या घरांचं काय? गालिच्यावरचे गुण आपल्या फारशा कामाचे नाहीत. आपल्याकडे लादी, पायपुसणी, लांब केस आणि उंबरठा. दोन सेंटिमीटरच्या वरचा उंबरठा आला की पुष्कळ रोबो अडतात. तेव्हा दुकानात जाण्याआधी पट्टीनं तो मोजा. परीक्षण वाचताना कठीण फरशीचे आणि कडेकोपऱ्याचे आकडे आधी बघा. गोल यंत्राचा ब्रश काटकोनात पुरता पोचत नाही.

आणि घरात काळी फरशी किंवा काळी सतरंजी असेल, तर तशाच रंगावर यंत्र चालवून दाखवायला सांगा. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबो खाली अवरक्त किरण सोडतो. काळा रंग ते शोषून घेतो, किरण परत येत नाहीत, आणि समोर खड्डा आहे असं समजून काही यंत्रं तिथंच थबकतात.