शुमारिनाईच्या अस्थी



जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर शुमारिनाई नावाचं मोठं सरोवर आहे. हिवाळ्यात ते गोठतं, आणि हौशी मंडळी बर्फाला भोकं पाडून गळ टाकून बसतात. हे सरोवर धरणाचं आहे. 1943 साली, ऐन महायुद्धात ते धरण पुरं झालं. त्यासाठी आणि तिथल्या रेल्वेमार्गासाठी गरीब जपानी मजुरांना राबवलं, तसंच जपानच्या अमलाखालच्या कोरियातूनही माणसं जबरीनं आणली. थंडी, उपासमार, मारहाण आणि अपघात यांत दोनशेहून अधिक जण दगावले.

प्रेतं आधी जवळच्या कोकेनजी मंदिरात ठेवायची, मग रानात पुरायची, अशी तिथली रीत. पुढे त्या जागेवर खुरट्या बांबूचं रान माजलं. 1976 मध्ये तोनोहिरा योशिहिको या तरुण बौद्ध पुरोहितांना त्या मंदिरात मृतांच्या नावांच्या लाकडी पाट्या दिसल्या. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारी दप्तरातून मृतांचे पत्ते शोधले, कोरियात पत्रं धाडली. काही घरांतून उत्तरंही आली. मग त्यांनी रानात खणायला सुरुवात केली.

1989 मध्ये बालवाड्यांचा अभ्यास करायला आलेले कोरियन मानववंशशास्त्रज्ञ चुंग ब्युंग-हो तोनोहिरांना भेटले. दोघांच्या पुढाकारानं 1997 साली जपानी, कोरियन आणि जपानमध्येच वाढलेली कोरियन वंशाची मुलंमुली एकत्र आली. दिवसा खोदकाम, रात्री वादावादी. आजोबांच्या पिढीचा दोष आमच्या माथी का, हा प्रश्नही तिथं निघाला. पण सकाळी फावडी पुन्हा एकाच खड्ड्यात चालत.

2015 च्या सप्टेंबरात होक्काइदोत ठिकठिकाणी सापडलेल्या 115 जणांच्या अस्थी मायदेशी निघाल्या. टोकियो, ओसाका, हिरोशिमा करत त्या शिमोनोसेकीला पोहोचल्या आणि बोटीनं बुसानला उतरल्या. युद्धकाळात कोरियन मजुरांना जपानात आणलं जाई ते याच जलमार्गानं. अखेर सोलच्या महापालिकेच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

भरपाई आणि माफी यांवरून दोन्ही सरकारांचे वाद चालूच राहिले. ते वाद महत्त्वाचे आहेत, आणि नागरिकांच्या अशा कामानं सरकारची जबाबदारी टळत नाही. पण ज्याच्या पूर्वजांनी सोसलं आणि ज्याच्या पूर्वजांनी लादलं, त्या दोघांनी मिळून मेलेल्या माणसाचं नाव शोधणं, हे कोणत्याही तहात लिहून होणारं काम नव्हे.

मंदिराची इमारत पुढे बर्फाच्या भारानं मोडली. लोकांनी वर्गणी काढली, आणि 2024 साली शुमारिनाईत या मजुरांचं नवं संग्रहालय उघडलं.