सुलोचना : मूकपटातून बोलपटाकडे



सुलोचना हे नाव घेतले की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे सुलोचनाबाई लाटकरांची सोशिक आई उभी राहते. मला आज बोलायचे आहे ते त्यांच्या आधीच्या सुलोचनेविषयी. या बाईंचे मूळ नाव रूबी मायर्स. बगदादी यहुदी कुटुंबात, पुण्यात, १९०७ साली त्यांचा जन्म झाला. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत असताना मोहन भवनानींनी त्यांना कोहिनूर फिल्म कंपनीत आणले. योगायोग पाहा. जिची नोकरीच आवाजाची, ती बाई गाजली न बोलता, आणि पुढे अडली ती बोलण्यापाशीच!

त्या काळी घरंदाज स्त्री कॅमेऱ्यापुढे उभी राहत नसे. १९१३ साली फाळक्यांनी तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषाकडून करवून घेतली, हे आपण जाणताच. पुढे ही उणीव बव्हंशी यहुदी आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरून काढली. रेने स्मिथची सीतादेवी झाली, रूबीची सुलोचना झाली. चित्रात वाणी नव्हती म्हणूनच हे जमले. संवाद पाटीवर लिहून येत. नायिकेची मातृभाषा कोणती, हे विचारण्याचे प्रेक्षकाला कारणच नव्हते.

सुलोचनाबाईंची लोकप्रियता केवढी! ‘टायपिस्ट गर्ल’, ‘माधुरी’, ‘अनारकली’, ‘इंदिरा बी. ए.’ अशी चित्रांमागून चित्रे आली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त तर त्यांनी एकटीने आठ रूपे घेतली, त्यांत माळी होता, पोलीस होता, केळी विकणारी म्हातारीही होती. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा त्यांचा पगार अधिक आहे, असे लोक म्हणत.

आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ झळकला. नायिका झाली जुबेदा. तीही मूकपटातलीच. ध्वनिमुद्रणाची साधने तेव्हा अशी, की जवळच्या आगगाडीचा आवाज नको म्हणून चित्रण मध्यरात्रीनंतर करावे लागे. मायक्रोफोन कुठे तरी दडवायचा आणि नटाने तिथेच बोलायचे, तिथेच गायचे. पार्श्वगायनाची सोय व्हायला १९३५ साल उजाडले. तेव्हा उच्चार सदोष असेल तर झाकायचा कसा? या चित्राचा नायक आपला मास्टर विठ्ठल. त्याची उर्दू कच्ची, म्हणून कथेतच त्याला बराच वेळ भारलेल्या अवस्थेत ठेवले, असे सांगतात.

नायकासाठी कथा वाकली. सुलोचनाबाईंसाठी कोण वाकणार? त्या स्वतःच शिकायला बसल्या. सुमारे वर्षभर पडद्यापासून दूर राहून त्यांनी हिंदुस्तानी भाषा आत्मसात केली. कीर्तीच्या शिखरावर असताना पुन्हा मुळाक्षरांपाशी येणे सोपे नसते, सभ्यहो!

‘बोलपट आला आणि सुलोचना संपली’ असे आपण सर्रास ऐकतो. ते खरे नाही. १९३२ साली ‘माधुरी’ बोलपटरूपाने आला आणि त्या पुन्हा नायिका झाल्या. १९३४ साली ‘इंदिरा बी. ए.’ची ‘इंदिरा एम. ए.’ झाली. चित्र बोलू लागले तशी नायिकेची पदवीही वाढली! १९३५ त ‘अनारकली’, १९३६ त ‘बंबई की बिल्ली’. डी. बिलिमोरियांबरोबरची त्यांची जोडी त्या दशकात भरात होती. ‘रूबी पिक्स’ नावाची स्वतःची संस्थाही त्यांनी काढली.

मग ओहोटी का लागली? माझ्या मते तिचे कारण उच्चारात नव्हते, या यादीतच होते. चित्रे जुनीच, फक्त त्यांना आवाज दिलेला. धंद्याने त्यांच्याकडून कालचेच यश पुन्हा मागितले. इकडे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे आल्या होत्या. ज्या घरांची दारे सिनेमाला बंद होती, त्या घरांतल्या स्त्रिया आता पुढे येत होत्या. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट. पण त्या दारात आधी उभे राहून लोकांचे टोमणे कोणी झेलले, याचा विसर पडला.

‘अनारकली’चाच हिशेब पाहा. १९२८ साली सुलोचनाबाई मुकी अनारकली झाल्या, १९३५ साली बोलकी. १९५३ साली ती भूमिका बीना रॉयकडे गेली आणि सुलोचनाबाई झाल्या सलीमची आई. एकाच कथेत त्यांचा सारा प्रवास मावला. लहान भूमिका त्यांनी कमीपणाच्या मानल्या नाहीत. काम करीत राहिल्या. १९७३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि १९८३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

यंत्र बदलले की माणसे निकामी होतात, हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. यंत्राने सुलोचनाबाईंना एक वर्ष थांबवले. ते त्यांनी अभ्यासाने भरून काढले. त्यांना मागे सारले ते आपण, त्याच त्या गोष्टी मागून आणि मग त्यांनाच कंटाळून. शिकण्याची तयारी कलावंताने दाखवली, तर नवे काही मागण्याची तयारी प्रेक्षकानेही दाखवायला हवी.