गाळाला दुतोंड्या नाही



आम्ही नाशिकची माणसं पूर मीटरमध्ये मोजत नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे, त्याच्या अंगावर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं तर बघायला जायचं. कमरेला आलं की घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या. छातीला लागलं की सराफ बाजारात धावपळ सुरू. लहानपणी मला वाटायचं, पुरातलं जे काही कळण्यासारखं आहे ते सगळं या मारुतीला कळतं. पुढे पाटबंधाऱ्याच्या नोकरीत लागल्यावर ध्यानात आलं की मारुती फक्त उंची सांगतो. पाण्याबरोबर किती माती चालली आहे, याबद्दल त्याची दोन्ही तोंडं गप्प.

आणि उंचीचा न् मातीचा मेळ बसतोच असं नाही. मृगाच्या पहिल्या पावसाचं नवं पाणी पाहा. पूर बेताचाच, पण पाणी कसं, तर उकळून उकळून दाट झालेल्या चहासारखं. उन्हाळाभर नांगरून उघडी पडलेली रानं त्या पहिल्या सरींनी धुऊन निघतात. पुढे पिकं मूळ धरतात, बांधांवर गवत येतं, आणि श्रावणात तेवढ्याच उंचीचा पूर आला तरी पाणी बरंच निवळलेलं असतं.

मग माती मोजायची कशी? जुनी रीत अशी, की नाव नदीच्या मध्यावर न्यायची आणि बाटली बुडवायची. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाची माणसं नद्यांवरच्या केंद्रांवर हे काम करतात. गोदावरीवर परभणी जिल्ह्यात ढालेगावला असं केंद्र आहे, खाली आंध्रात पोलावरमला आहे. त्यांच्या बाटलीला ‘पंजाब बाटली’ म्हणतात. पाणी दहा मीटर खोल असेल तर ती सहा मीटर खाली सोडायची, मग तिचं तोंड उघडायचं. वर काढलेलं पाणी गाळायचं, राहिलेला गाळ वाळवायचा आणि तोलायचा. लिटरमागे किती ग्रॅम ते आलं, त्याला नदीच्या प्रवाहानं गुणलं की दिवसभरात किती टन माती गेली याचा अंदाज निघतो. पद्धत चोख आहे. अडचण एवढीच की ती एका ठिकाणची गोष्ट सांगते. नदी १,४६५ किलोमीटर लांब, आणि बाटल्या बुडणार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या जागी.

इथे उपग्रह उपयोगी पडतो. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा डोळे मिटून माझ्याबरोबर ब्राझीलला चला. मनाऊस नावाच्या शहराजवळ रिओ नेग्रो ही काळसर पाण्याची नदी आणि सोलिमोइंश ही पिवळट, गढूळ नदी एकत्र येतात आणि सहाएक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, पण मिसळत नाहीत. वरून काढलेल्या चित्रात एकाच पात्रात दोन रंगांचे पट्टे दिसतात. सोलिमोइंश अँडीज पर्वताची माती घेऊन येते, नेग्रो जंगलातल्या कुजलेल्या पानांचा अर्क आणते. पाण्याच्या रंगावरून त्यात काय आहे हे ओळखता येतं, याचा याहून सोपा पुरावा नको.

रंगावरून वजन काढण्याची युक्ती अशी. स्वच्छ पाणी लाल उजेड बराचसा गिळून टाकतं, आणि लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड तर जवळजवळ सगळाच. पाण्यात मातीचे कण असले की ते हा उजेड परत उडवतात. कण जितके जास्त तितकं पाणी उपग्रहाला उजळ दिसतं. पण गाळ फार झाला की लाल रंग एका मर्यादेला जाऊन थांबतो, दुप्पट माती आली तरी आणखी उजळत नाही. तेव्हा अवरक्ताकडे वळावं लागतं. म्हणून जाणकार दोन्ही रंगांचं गुणोत्तर घेतात.

यात एक गोम आहे. उपग्रहाला नदीची फक्त वरची साय दिसते. तळाशी घरंगळत जाणारी वाळू त्याला दिसत नाही. शिवाय बारीक पोयटा वजनाला हलका पण दिसायला उजळ. तेवढ्याच वजनाची जाड रेती मंद दिसते. मराठवाड्यातल्या काळ्या रानाची माती आणि इंद्रावती नदी बस्तरातून गोदावरीत आणते ती तांबडी माती, दोघींचा उजेड सारखा कसा असेल? म्हणून अमेझॉनसाठी बसवलेलं सूत्र गोदावरीला जसंच्या तसं चालत नाही. प्रत्येक नदीच्या पाण्यात आधी बाटली बुडवावीच लागते, मग त्या बाटलीशी चित्र ताडून बघायचं.

आपल्या नद्यांची खरी थट्टा मात्र निराळीच आहे. वर्षभराची बहुतेक सगळी माती पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहते, त्यातलीही बरीचशी मोजक्या पुरांच्या दिवसांत. आणि नेमक्या त्याच दिवसांत वर ढग! युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह जोडीनं दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात, जमिनीचा दहा मीटरचा तुकडा वेगळा ओळखतात, पण आषाढात त्यांच्या चित्रात गोदावरीच्या जागी पांढरा कापूस असतो. रडारचे उपग्रह ढगापार बघतात खरे, पुराचं पाणी कुठवर पसरलं ते छान सांगतात, पण त्यांना पाण्याचा रंगच कळत नाही.

म्हणून आपल्याकडे एक आडवाट फार चालते. नदी गढूळ असताना बघता येत नाही ना, मग तिनं गाळ कुठे टाकला ते उन्हाळ्यात बघा. नाशिकच्याच ‘मेरी’ संस्थेनं राज्यातल्या धरणांवर हे काम केलं आहे. दिवाळीनंतर आभाळ मोकळं होतं आणि धरण हळूहळू उतरू लागतं. उपग्रहाच्या चित्रावरून त्या त्या तारखेला पाणी किती हेक्टरांवर पसरलंय ते मोजायचं, पातळी धरणाच्या नोंदवहीतून घ्यायची. धरण बांधताना त्याच पातळीला पाणी किती पसरत होतं हे कागदावर असतंच. आज ते कमी पसरत असेल, तर मधली जागा गाळानं घेतली. यातही फसायला होतं. पाणी उतरलं की काठाचे शेतकरी लगेच गाळपेरा करतात, आणि चित्रात पाण्याची कड हिरवी होऊन बसते.

शिवाय जिथवर पाणी उतरत नाही, तिथला गाळ झाकलेलाच राहतो. जायकवाडीचा नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला, तो दुष्काळात. दुष्काळानं गाळ मोजणाऱ्याचं तेवढं साधतं, हे बोलायला जड जातं, पण खरं आहे.

धरणात अडकलेली ही माती खाली कुणाच्या तरी वाट्याची होती. १९७०च्या दशकात पोलावरमपाशी गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ नेत होती. १९९०च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही खाली आला. आंध्रातल्या अभ्यासकांनी जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवली तेव्हा १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यानं १,८०० हेक्टरांहून जास्त जमीन गमावलेली दिसली. नदी माती आणीनाशी झाली, समुद्राचं खाणं चालूच राहिलं. हे गोदावरीचंच आहे असं नाही. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये जगातल्या ४१४ नद्यांची लँडसॅट उपग्रहांची चित्रं तपासणारा अभ्यास आला. उत्तरेकडच्या देशांतल्या नद्यांचा समुद्राला जाणारा गाळ धरणांपूर्वीच्या मानानं जवळपास निम्मा झाला आहे, असं त्यात निघालं. दक्षिणेकडच्या अनेक नद्यांत उलट तो वाढतो आहे. तिथे जंगलं तुटताहेत, खाणी वाढताहेत.

हे सगळं शेवटी त्या बाटलीवर येऊन टेकतं. सेंटिनेल आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. चित्राशी ताडायचं तर पाणीही त्याच वेळेचं हवं. म्हणून अशा दिवशी नाव रोजच्यापेक्षा थोडी उशिरा सोडायची, दोर धरून मध्यावर थांबायचं, आणि घड्याळ बघून बाटली खाली सोडायची. उपग्रह काही नावेतल्या माणसाला दिसत नाही. तो मान वर करतो ते ढग फाकलेत का, एवढंच बघायला.