रुग्णालयांची परीक्षा आणि आपली भीड

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या वैद्यकीय साहाय्यनिधीकडे येणारा गृहस्थ पैशाआधी एक प्रश्न विचारतो : "रोग्याला कोठे न्यावे?" आपण त्याला उत्तर देतो ते बहुधा ओळखीवरून किंवा इमारतीच्या थाटावरून. रुग्णालयाचा कस लावण्याची याहून भरवशाची पद्धत आज देशात रूढ आहे. तिचा परिचय करून देणे, एवढाच माझा हेतू आहे.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 'अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स' या शल्यविशारदांच्या संस्थेने १९१७ साली एका पानात मावतील एवढे किमान नियम ठरविले व शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. कसोटीस उतरली अवघी ८९! नापासांत मोठमोठी नावे होती. ती बाहेर फुटू नयेत म्हणून १९१९ साली न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या भट्टीत ती यादी जाळण्यात आली, असे सांगितले जाते. ज्यांनी सत्य शोधून काढले, त्यांनाच ते उघड करण्याची भीड पडली. तपासणीची प्रथा मात्र टिकली आणि जगभर पसरली.

आपल्याकडे अशा दोन व्यवस्था प्रमुख आहेत. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंगभूत असलेले 'एन.ए.बी.एच.' हे मंडळ रुग्णालयांना मानांकन देते. त्याची शंभर मानके दहा प्रकरणांत मांडलेली आहेत. सरकारी रुग्णालयांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आणली. त्यांत रुग्णांचे हक्क, जंतुसंसर्गाचा प्रतिबंध, प्रत्यक्ष उपचार, उपचारांची फलिते अशी आठ क्षेत्रे आहेत. प्रत्येक मुद्द्यास गुण मिळतात ते असे : पूर्ण पालनास दोन, अर्धवट पालनास एक, आणि अभावास शून्य. पूर्ण प्रमाणपत्रासाठी एकूण किमान शेकडा ७० गुण लागतात. ते तीन वर्षे चालते.

हे गुण ठरतात चार प्रकारच्या साक्षींवरून. परीक्षक स्वतः पाहतो : नळाला पाणी आहे काय, हात धुण्यास साबण आहे काय? तो कर्मचाऱ्यांना विचारतो आणि परिचारिकेस हात कसे धुतात ते करून दाखवावयास सांगतो. तो दप्तर तपासतो. आणि चौथा साक्षीदार म्हणजे खाटेवरचा रुग्ण : औषध बाहेरून विकत आणावे लागले काय, उपचाराची माहिती दिली गेली काय?

"कागद रंगवून रोगी बरा होतो काय?" असा आक्षेप कोणी घेईल. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचावयाची एक छोटी तपासयादी तयार केली. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, आत काही राहिले नाही ना, असे तिचे साधे प्रश्न. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या महाराष्ट्रात ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा अर्भके दगावली. आग विझविण्याचे साधन चालविता येते काय, बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय, हे परीक्षकाचे प्रश्न क्षुल्लक नव्हेत, हे त्या दहा पाळण्यांकडे पाहून कळते.

आता आपल्याविषयी. परीक्षक खाटेपाशी येतो तेव्हा आपण काय म्हणतो? "सारे ठीक आहे, साहेब." डॉक्टर रागावतील, उद्या हयगय होईल, ही धास्ती मनात असते. पण चौथा साक्षीदारच मुका राहिला, तर गुण खोटे ठरतात आणि त्याचे फळ पुढच्या रोग्यास भोगावे लागते. आपली भीड ही न्यूयॉर्कच्या भट्टीचीच धाकटी बहीण होय.

म्हणून दोन सूचना करतो. निधीच्या अर्जात रुग्णालयाच्या प्रमाणपत्राचा रकाना असावा. ते प्रवेशस्तराचे आहे की पूर्ण मानांकनाचे, आणि त्याची मुदत कोठवर आहे, हे त्यात नोंदवावे. दुसरे असे की, घरी परतलेल्या रुग्णाने आपला खरा अनुभव, बरा असो वा वाईट, समितीस लेखी कळवावा. प्रमाणपत्र म्हणजे अमृताचा कलश नव्हे, आणि ते नसलेले प्रत्येक छोटे रुग्णालय वाईटही नव्हे. जिवावर बेतले असता जवळचा दवाखाना गाठावा, हेच शहाणपण. परंतु सवड असेल तेव्हा विचारणे हे आपले कर्तव्य आहे, आणि विचारले असता खरे सांगणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे.